स्तनवेदना

स्तनवेदना (मॅस्टॅल्जिया) : एका किंवा दोन्ही स्तनांत जाणवणारे दुखणे. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. बायका त्याला हुळहुळणे, ठसठसणे, जड होणे म्हणतात. संकोचाने नुसते ‘छातीत दुखतंय’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात आधी हृदयविकार येतो.

सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत ही वेदना पाळीच्या चक्राशी बांधलेली असते. पाळीआधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस दोन्ही स्तन भरल्यासारखे होतात, काखेकडच्या वरच्या भागात दुखते आणि पाळी आली की उतरते. अचक्रीय वेदनेला असे वेळापत्रक नसते. ती बहुधा एका बाजूला, एका ठिकाणी असते. कधी दुखते ते स्तन नसतातच. बरगड्यांच्या कूर्चेची सूज, मानेचे मणके किंवा नागीण यांचा ठणकाही तिथे जाणवतो. दुखण्याच्या तारखा दोन-तीन महिने कॅलेंडरवर टिपल्या, तर प्रकार ओळखणे डॉक्टरांना सोपे जाते.

स्तनात स्नायू नाही. चरबी व दुग्धग्रंथींचा हा भार त्वचा आणि आतले तंतुमय बंध तोलतात. लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० साली या बंधांचे वर्णन केले. त्यांना आजही कूपरचे बंध म्हणतात. धावताना स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतो, त्यामुळे ताण वाढतो. २०१२च्या लंडन मॅरेथॉनमधील सुमारे १,३०० स्त्रियांच्या पाहणीत ३२ टक्के जणींनी स्तनवेदनेची तक्रार सांगितली.

म्हणूनच उपचारात ब्रेसियरला (जुन्या बोलीत ‘बॉडी’) मानाचे स्थान हवे. ते क्वचितच मिळते. मापाचा समज मुळात उलटा आहे : भार खांद्याच्या पट्ट्यांनी उचलायचा असे वाटते, प्रत्यक्षात तो छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. हा पट्टा पाठीत वर चढत असेल, तर तो सैल आहे. मग बाई खांद्याचे पट्टे आवळते, त्यांचे वळ उठतात, मान आखडते आणि दोष ‘वजना’वर जातो. योग्य मापात पट्टा पुढून-मागून एका पातळीत राहतो, त्याखाली दोन बोटे जेमतेम सरकतात, मधला भाग छातीच्या हाडाला टेकतो आणि कपाखालची तार स्तनावर रुतत नाही. कपातून वर मांस उसळत असेल, तर कप लहान आहे. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसावी. इलॅस्टिक सैलावले की आतले हूक कामी येतात. ३६ बी पट्ट्यात सैल पण कपात बरोबर असेल, तर ३४ सी पाहावी, कारण कपाचे आकारमान जवळजवळ तेच राहते. काउंटरपलीकडे पुरुष विक्रेता, आकडा पुटपुटून सांगायचा आणि पुडके पिशवीत टाकायचे, अशा खरेदीत हे जमणे अवघडच. शिवाय गरोदरपणात, वजन बदलल्यावर आणि पाळीच्या आसपासही माप बदलते.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या, २०० स्त्रियांच्या एका अभ्यासात स्पोर्ट्‌स ब्रा वापरणाऱ्या ८५ टक्के जणींना आराम पडला, डॅनॅझोल हे औषध घेणाऱ्यांत ५८ टक्क्यांना. एकाच अभ्यासावर फार विसंबू नये. पण डॅनॅझोलने वजन वाढते, पाळी बिघडते, मुरमे येतात, हे ध्यानात घेता आधी कपडा बदलून पाहणे शहाणपणाचे. त्यानंतर डायक्लोफिनॅकचे जेल. भारतात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेले सेंटक्रोमनही वापरले जाते. ‘सहेली’ या गर्भनिरोधक गोळीतले औषध ते हेच. ते अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. इव्हनिंग प्रिमरोज तेलाचा बोलबाला मोठा, पुरावा तोकडा. ब्रिटनने स्तनवेदनेसाठीचा त्याचा परवाना २००२ मध्ये काढून घेतला.

ब्रामुळे कर्करोग होतो, ही समजूत निराधार आहे. २०१४ मधील सिअ‍ॅटलच्या अभ्यासातही असा संबंध आढळला नाही. नुसती वेदना हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते. मात्र गाठ, बोंडातून रक्तमिश्रित स्राव, बोंड आत ओढले जाणे, त्वचेला खळी पडणे, किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला तापासह लाल, तापलेली सूज येणे, यांपैकी काही दिसले तर ब्रा बदलण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.