विंडोज ९८ आणि विंडोज २००० : संगणकाला मराठी कधी कळली?

१९९९ साली मी माझ्या आत्याकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि घरच्या संगणकावर टंकित केल्या. त्या संगणकावर विंडोज ९८ होती. चार वर्षांपूर्वी ती फाइल नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर ओव्या नव्हत्याच. रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा चिवडा होता. आत्या आता नाही. फाइल मात्र शाबूत होती, तिच्यातला एकही बाइट हरवला नव्हता. मग मराठी गेली कुठे? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा उमगले की त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच.

विंडोज ९८ बाजारात आली २५ जून १९९८ रोजी, विंडोज २००० आली १७ फेब्रुवारी २००० रोजी. नावांवरून या थोरल्या-धाकट्या बहिणी वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी. ९८ चा वंश जुन्या डॉसचा. ती घरगुती वापरासाठी होती आणि १६ एमबी स्मृतीवरही कशीबशी चाले. सुरुवातीला पासवर्ड विचारी, पण घरच्या संगणकावर ‘एस्केप’ची कळ दाबली तरी आत सोडी. २००० चा वंश १९९३ मध्ये आलेल्या ‘एनटी’चा. ती कार्यालयांसाठी होती. प्रत्येकाचे खाते वेगळे, कोणत्या फाइलला कोणी हात लावायचा याचे नियम ठरलेले, आणि एखादा प्रोग्रॅम कोलमडला तर सहसा सगळा संगणक बसत नसे. त्या बदल्यात ती ६४ एमबी स्मृती मागे. दोघींची तुलना त्या काळी बहुधा याच मुद्द्यांवर होई. मराठीच्या दृष्टीने खरा फरक दुसरीकडेच होता.

विंडोज ९८ मधले बहुतेक प्रोग्रॅम एका अक्षराला एक बाइट देत. एका बाइटमध्ये २५६ खुणा मावतात, आणि आपल्याकडच्या संगणकांवर त्या रोमन अक्षरे व युरोपीय चिन्हे यांनीच भरलेल्या असत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्येच ठरले होते, पण विंडोज ९८ ला त्याची ओळख नव्हती. मग आपल्या लोकांनी वाट काढली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट तयार झाले. श्री-लिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या बळावर मराठी छपाई खिळ्यांतून बाहेर पडली. हे काम थोर होते, यात शंका नाही. मात्र पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते कुठलेसे रोमन अक्षर किंवा युरोपीय चिन्हच असे. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. फाँट काढून घेतला की मजकूर निरर्थक. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई, कारण संगणक अक्षर नव्हे, चित्र साठवत होता. त्यामुळे शब्द अकारविल्हे लावायचे म्हटले, तर क्रम भलताच येई.

विंडोज २००० ने इथे पायाच बदलला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. एनटीचे घराणे आतून पहिल्यापासून युनिकोडवर चालत होते. २००० मध्ये त्याला जोडाक्षरे घडवणारा ‘युनिस्क्राइब’ हा भाग, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि ‘मंगल’ हा फाँट यांची जोड मिळाली. मंगलची अक्षरे रेखाटली र. कृ. जोशी यांनी, ते मराठी कवी आणि सुलेखनकार. आता ‘कि’ मध्ये ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठवली जाऊ लागली. ती पडद्यावर डावीकडे नेऊन दाखवणे हे संगणकाचे काम झाले. भाषांच्या यादीत मराठीचे नाव वेगळे आले.

तरी चित्र लगेच पालटले नाही. ही सोय आपोआप मिळत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भारतीय लिप्यांपुढे खूण करावी लागे आणि मूळ सीडी हाताशी लागे. शिवाय ही मराठी केवळ युनिकोड जाणणाऱ्या प्रोग्रॅमनाच कळे. जुन्या प्रोग्रॅममध्ये नेली की प्रश्नचिन्हांची रांग. आपल्या अंकांची पाने लागत ती पेजमेकरमध्ये, आणि पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आले नाही. त्यामुळे कार्यालयात विंडोज २००० आली तरी तिच्यावर मजकूर जुळे तो ९८ च्याच रीतीने. २००१ मध्ये एक्सपी आली आणि घरगुती शाखाही एनटीच्या घराण्यात आली. ९८ चा आधार जुलै २००६ मध्ये संपला, २००० चा जुलै २०१० मध्ये.

माझ्या ओव्या मी शेवटी एका रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणल्या. वाचताना एका जागी अडखळलो. आत्याचे माहेर डोंगरातले, आणि ओवीत ‘दर्या’ आला होता. येऊ नये असे नाही. न पाहिलेला समुद्रही ओवीत येतो. पण पुढे ‘वार्या’, ‘तार्या’ दिसले आणि संशय बळावला. मूळ फाइलमधले आकडे काढून पाहिले. रफाराला एक आकडा होता, मराठीच्या खास अर्ध्या ‘ऱ’ ला दुसरा. रूपांतरकाच्या तक्त्यात हा दुसरा आकडा रफारातच ढकललेला होता. आत्या ‘दऱ्या’ म्हणाली होती. अशा अकरा जागा मी हाताने दुरुस्त केल्या. रूपांतर झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकली असती, तर आत्याच्या ओवीत समुद्र कायमचा राहिला असता.

नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या कितीतरी मराठी मजकुराची हीच अवस्था आहे. दिवाळी अंकांची पाने, गावांचे इतिहास, प्रबंध अशा सीडींवर आणि फ्लॉपींवर पडून आहेत. ज्यांच्या कपाटात त्या असतील, त्यांना एकच विनंती : रूपांतर जरूर करा, पण मूळ फाइल टाकू नका, आणि तिच्याबरोबर तिचा फाँटही जपा. त्या फाइलची बाराखडी फाइलमध्ये नाही, फाँटमध्ये आहे.