वर्षावास (खंडाळा तालुका, सातारा जिल्हा)

वर्षावास : आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा बौद्धांचा तीन महिन्यांचा साधनाकाळ. मूळ नियम भिक्खूंसाठी होता. भर पावसात हिंडणारे श्रमण कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी कुरकुर केल्यावर बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्यास सांगितले, असे विनयपिटकातील महावग्ग सांगतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत आज हा काळ प्रामुख्याने गृहस्थ पाळतात, तोही ग्रंथ वाचून.

भिक्खूंच्या जुन्या वस्तीची खूण तालुक्यातच आहे. शिरवळच्या नैर्ऋत्येला डोंगरात हीनयान परंपरेची लेणी आहेत : एक लहान चैत्यगृह, त्यात साधा, अलंकरण नसलेला स्तूप आणि बाकीचे राहण्याचे विहार. लोक या जागेला पांडवदरा म्हणतात. कोरणाऱ्यांचा धर्म परिसराच्या आठवणीतून किती पुसला गेला होता, हे त्यावरून कळावे.

धम्म परतला तो 14 ऑक्टोबर 1956 च्या डॉ. आंबेडकरांच्या नागपूरच्या धर्मदीक्षेनंतर, आणि खेड्यापाड्यांत तो भिक्खूंपेक्षा ग्रंथाच्या रूपाने पोचला. त्यांचा आठ खंडांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, असा रोखठोक प्रश्न त्याच्या प्रस्तावनेत आहे. वर्षावासातल्या वाचनासाठी हाच ग्रंथ मराठीतून हाती घेतात. संध्याकाळी विहारात किंवा समाजमंदिरात, विहार नसेल तर कोणाच्या घरी, त्रिशरण-पंचशील होते. मग एकजण वाचतो आणि भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य किंवा एखादे जाणते शिक्षक अर्थ उलगडतात. पौर्णिमेला काहीजण अष्टशील पाळतात. सांगतेला खीर ठरलेली.

श्रावणातल्या ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांच्या पोथीवाचनाशी या रिवाजाचे नाते उघड आहे. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा, बाकीचे ऐकणारे, ही बैठक गावाच्या अंगवळणी पडलेलीच होती. म्हणूनच ‘पारायण करू नका, चर्चा करा’ हा आग्रह कार्यकर्ते धरतात, आणि तो रास्त आहे : ऐकीव किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नये, असे सांगणारे कालामसुत्त याच परंपरेतले. प्रश्न विचारणारी तरुण मुले बैठकीला असली की वाचन चार पानांवर अडते. तशी संध्याकाळ अधिक कामाची म्हणावी.

तालुक्याचा पंचांगक्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. नीरा ओलांडून आलेली ज्ञानेश्वरांची पालखी लोणंदला मुक्काम करून पंढरीकडे जाते. आषाढी एकादशीनंतर चार-पाच दिवसांतच पौर्णिमा येते व वर्षावास सुरू होतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले. बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आंबेडकरांनी गुरू मानले असल्याने येथील बौद्धांना नायगाव आपलेच वाटते.

समाप्तीला भिक्खुसंघ पवारणा करतो : आपले दोष दाखवून देण्याची विनंती प्रत्येकजण संघाला करतो. त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवरदान होते; त्यासाठी लागणारा संघ जवळपास नसेल, तर गावचे लोक मोठ्या विहारात जातात.