बेथेल : कराराचे एक गाव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालना शहराच्या परिसरात एक ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिचे नाव 'बेथेल' असे ठेवण्यात आले. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ 'देवाचे घर' असा आहे. घरदार सोडून पळालेला याकोब एका रात्री उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपी गेला आणि तेथेच परमेश्वराने त्याला अभिवचन दिले, ही कथा उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायात आहे. तेथे देवाचे अभिवचन आधी येते, याकोबाचा नवस त्यानंतर. देवाची प्रीती प्रथम आणि माणसाचा प्रतिसाद मागाहून, हा कराराचा क्रम आहे. जालन्याच्या बेथेलचा इतिहास याच क्रमाने वाचावयास हवा.

ही वसाहत आपल्या कॅथलिक मिशनने वसविलेली नाही. ती स्कॉटिश मिशनच्या कार्यातून उभी राहिली व तिचे संस्थापक होते रेव्हरंड नारायण शेषाद्री. व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आपल्या आदेशात, विभक्त बंधूंमधील ख्रिस्ताचे कार्य आनंदाने मान्य करण्यास आपल्याला शिकविले. त्याच भावनेने या बंधूचे स्मरण करणे उचित ठरेल.

नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले व १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. तेव्हा निराळाच प्रश्न उभा राहिला. ख्रिस्ती लोकांकडे राहून, तेथील अन्न घेतलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे काय? त्यावरून मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा आग्रह धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. त्यांच्या या धैर्याचा आपणही आदर केला पाहिजे. एका अजाण मुलाने कोणाच्या पंगतीला बसून अन्न घेतले, यावर त्याचे आपलेपण ठरविले जात होते. समाजाचे दार त्या काळी किती अरुंद होते, हे यावरून कळते.

थोरल्या भावाने आपल्या आयुष्याने याला दिलेले उत्तर जालन्यात पाहावयास मिळते. १८५४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि १८६० च्या दशकात ते निजामाच्या राज्यातील या लष्करी छावणीच्या गावी कार्यास आले. त्यांच्याभोवती जमलेली माणसे प्रामुख्याने मातंग व महार समाजातील होती. गावाची कामे त्यांच्या वाट्याला होती, पण गावात घर नव्हते. त्यांची वस्ती गावकुसाबाहेर. अशा लोकांसाठी शेषाद्री यांनी जमीन मागितली आणि हैदराबादचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून ती मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर राहिलेल्यांना आता स्वतःचे गाव मिळाले आणि त्या गावाचे नाव होते देवाचे घर! ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांच्यात एका ब्राह्मणाने आपले बिऱ्हाड थाटले. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत बोलण्याचा मान त्यांना लाभला. १८९१ मध्ये ते देवाघरी गेले.

परमेश्वराने इस्राएलला निवडले ते संख्येने मोठे म्हणून नव्हे, तर केवळ प्रीतीस्तव, असे अनुवादाच्या ७ व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो. मिसर देशातील गुलामांचा समुदाय अशा रीतीने देवाची प्रजा झाला. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्तसभेचा उगमही याहून वेगळा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव येथे संत फ्रान्सिस दि सालच्या संघाच्या धर्मगुरूंनी मिशन सुरू केले, तेव्हा प्रभूकडे प्रथम आले ते गावकुसाबाहेरचेच लोक. १९७७ मध्ये स्थापन झालेला औरंगाबाद धर्मप्रांत, ज्यात जालना जिल्हा येतो, याच पायावर उभा आहे.

परंतु 'बेथेल' या नावात एक इशाराही दडलेला आहे. याकोबाच्या त्याच बेथेलात पुढे यराबाम राजाने सोन्याचे वासरू उभे केले. आमोस संदेष्ट्याने तेथील उत्सवांचा धिक्कार केला. कारण वेदीवर बलिदाने चढत होती आणि वेशीत गरिबांवर अन्याय चालू होता. होशेयने तर त्या स्थानाला 'बेथ-आवेन', म्हणजे अधर्माचे घर म्हटले. देवाचे घर म्हणून मिळालेले नाव आपोआप टिकत नाही. ते रोजच्या वागण्याने जपावे लागते.

भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेतही जातिभेद नांदतो हे कबूल केले. ख्रिस्ती दलितांना आपल्या श्रद्धेची किंमत बाहेरही मोजावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध दलितांचा समावेश झाला. अनुसूचित जातीच्या सवलतींपासून ख्रिस्ती दलित मात्र आजही वंचित आहेत. ही किंमत मोजून जे कुटुंब आपल्या शेजारी मिस्सेला बसते, त्याला आपण काय देतो? सोयरीक जुळविताना आपण आडनावामागे काय शोधतो? धर्मग्रामाच्या सभेत कोणाचा शब्द ऐकला जातो?

देव माणसांना सुटेसुटे तारत नाही, त्यांची एक प्रजा करतो, अशी व्हॅटिकन महासभेची शिकवण आहे. म्हणून त्याच्या करारप्रीतीला कोणी एकट्याने, फक्त आपल्यापुरता प्रतिसाद देऊ शकत नाही. प्रभू येशूने नवा करार केला तो जेवणाच्या पंगतीत, एकाच प्याल्यातून. श्रीपतच्या काळी ज्या सहभोजनाने माणूस जातीबाहेर जाई, तसल्याच सहभोजनाने आपण देवाची प्रजा झालो आहोत. दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपण 'आमेन' म्हणतो. ते 'आमेन' त्या पंगतीतील प्रत्येकाला आपला मानण्याचे वचनही आहे.