चेंडू कोणी मागितला?

श्रीनगरच्या मिशन शाळेत १८९१ साली फुटबॉल आला, तो शाळेचे प्रमुख सेसिल टिंडेल-बिस्को यांच्या सामानातून. काश्मिरी तरुण त्यांना दुबळा वाटे आणि मैदानी खेळ हाच त्यावरचा उतारा, अशी त्या काळच्या इंग्रज शिक्षकाला साजेशी त्यांची श्रद्धा होती. विद्यार्थी बहुतांशी पंडितांच्या घरचे. चामड्याचा चेंडू पाहून ते मागे सरले. बिस्कोंनी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांना खेळायला लावले. एकाच्या तोंडावर चेंडू आदळला आणि आपण बाटलो म्हणून तो रडू लागला. त्याला पाण्यावर नेऊन धुऊन आणण्यात आले व खेळ पुढे सुरू झाला.

हा प्रसंग आम्हाला बरीच वर्षे केवळ गमतीचा वाटत असे. झारखंडमधील हुटुप या गावाची हकिगत वाचल्यावर मात त्यातील काठी अधिक ठळक दिसू लागली.

रांचीजवळच्या या गावात २००९ साली ‘युवा’ या संस्थेचे काम सुरू झाले. संस्थापक फ्रान्झ गॅस्टलर हेही परदेशीच. ते तेथे इंग्रजी शिकवीत. परंतु येथे फुटबॉल खेळायची इच्छा बोलून दाखवली ती गावातल्याच एका मुलीने. ज्या राज्यात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधीच झालेले होते आणि जेथून दलाल मुलींना घरकामासाठी दिल्लीकडे नेत, तेथील ही मागणी होय.

मग चेंडूने नेमके काय साधले? धावण्याने शरीर सुधारते, हे खरेच. परंतु आमच्या मते चेंडूहून महत्त्वाची ठरली ती हजेरी. संघातील मुलीच ती ठेवतात. एखादी आली नाही तर मैत्रिणी तिच्या घरी चौकशीला जातात. बालविवाह काय किंवा मुलीला परगावी धाडणे काय, या गोष्टी गुपचूप उरकता येतात तोवरच सोप्या असतात. जिची वाट पाहणारे कोणी आहे, ती मुलगी सहजासहजी नाहीशी करता येत नाही.

या मुलींचा संघ २०१३ साली स्पेनमधील गास्तेइझ चषक स्पर्धेत तिसरा आला. २०१५ मध्ये संस्थेची शाळा निघाली. २०१९ मध्ये लॉरियस पुरस्कार मिळाला. राज्यातील बालविवाहाचे प्रमाणही २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ३२ टक्क्यांवर आलेले दिसते. त्याचे श्रेय एका गावच्या मैदानाला देणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल. आणि ३२ टक्के हा आकडा समाधान मानण्याजोगाही नाही.

तरुणांच्या भल्यासाठी खेळ, हा विचार श्रीनगरलाही होता आणि हुटुपलाही आहे. बाहेरचा माणूस दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की एकीकडे भले कशात आहे हे आधीच ठरलेले होते, तर दुसरीकडे ते मुलींना विचारले गेले. आमच्या महाविद्यालयांतही मैदाने आहेत, हजेरीपटही आहेत. त्यातील गैरहजर मुलीच्या घरी कोण जाते, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारायला हवा.