बंद खोलीची कुळकथा

गावाला निघालेला नवरा बायकोच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देतो आणि बजावतो, सगळ्या खोल्या उघड, ती एक सोडून. शार्ल पेरोने १६९७ साली छापलेल्या ‘निळी दाढी’ या गोष्टीतली बायको नेमकी तीच खोली उघडते. आत तिच्या आधीच्या बायकांची प्रेतं असतात. किल्लीला लागलेलं रक्त काही केल्या निघत नाही. ऐनवेळी भाऊ धावून येतात म्हणून ती वाचते. एवढं सांगून पेरो पहिलं तात्पर्य काढतो ते बायकांच्या चौकसपणाविरुद्ध. खून नवऱ्याने केले, बोल मात्र दार उघडणारीला! आजच्या स्त्रीवादी गॉथिक कादंबऱ्यांची ओढ कुठून आली, हे शोधताना मी दर वेळी या दाराशी येतो.

गॉथिक कादंबरीचा आरंभ होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’पासून (१७६४) मानतात. पण त्या अंधाऱ्या किल्ल्यात बाईच्या नजरेने फिरायला शिकवलं ॲन रॅडक्लिफने. तिच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये (१७९४) एमिली काळा पडदा बाजूला सारते आणि बेशुद्ध पडते. पडद्यामागे मेणाची आकृती होती, हे पुष्कळ पुढे कळतं. भुतं खोटी निघतात; एमिलीच्या आत्याचा नवरा मोंतोनी मात्र खरा असतो. मालमत्ता आपल्या नावावर व्हावी म्हणून तो बायकोला कोंडतो. ती मेल्यावर एमिलीच्या मागे लागतो. कथा १५८४ सालची आहे, पण वाचणाऱ्या इंग्लिश बायकांना हे परकं नव्हतं. लग्न झालं की बाईच्या जंगम मालमत्तेवर नवऱ्याची मालकी आणि जमिनीवर त्याचा ताबा, असा तेव्हाचा कायदा होता. तो पुरता बदलायला १८८२ साल उजाडावं लागलं.

शार्लट ब्राँटेने ‘जेन एअर’मध्ये (१८४७) नायकाच्या घरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बोळाला निळ्या दाढीच्या वाड्याची उपमा दिली, आणि आतली बायको जिवंत ठेवली. जमैकाहून तीस हजार पौंड हुंडा घेऊन आलेली बर्था वेडी म्हणून कोंडलेली आहे. शेवटी ती घर पेटवते आणि स्वतः मरते. तिला वाचाच नाही. ती दिली डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हिसने, ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये, १९६६ साली.

या कुळातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी खोली मात्र कुलूपबंद नाही. शार्लट पर्किन्स गिलमनच्या ‘द यलो वॉलपेपर’मध्ये (१८९२) नवरा डॉक्टर आहे, प्रेमळ आहे, आणि बायकोला लिहायची बंदी करतो. विश्रांती घे, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, म्हणतो. गिलमनला हे उपचार स्वतः भोगावे लागले होते. डॉक्टर सायलस वीअर मिचेलने तिला लेखणीला हात लावू नकोस असं सांगितलं होतं. मला या कादंबऱ्यांची सारी ओढ इथे दिसते. घरात काहीतरी बिनसलंय, असं बाईला वाटतं. बाकीचे तिला समजावतात, दटावतात, औषध देतात. आणि गॉथिक कादंबरी तिची शंका खरी ठरवते. असा निकाल बाहेरच्या जगात बायकांना फार क्वचित मिळाला आहे.

मधल्या काळात दाफ्ने द्यू मोरियेची ‘रेबेका’ (१९३८) आली. हिंदीत तिच्यावर ‘कोहरा’ हा चित्रपट (१९६४) झाला, म्हणून आपल्याकडेही तिच्यातली हवेली ओळखीची आहे. मग अँजेला कार्टर. आधी तिने पेरोच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, मग १९७९ साली ‘द ब्लडी चेंबर’मध्ये निळ्या दाढीची गोष्टच नव्याने लिहिली. तिथे भाऊ येत नाहीत. घोडा फेकत आई येते आणि जावयाला गोळी घालते.

सिल्विया मोरेनो-गार्सियाच्या ‘मेक्सिकन गॉथिक’मध्ये (२०२०) १९५० च्या दशकातली नोएमी चुलतबहिणीचं घाबरंघुबरं पत्र वाचून डोंगरातल्या वाड्यात जाते. वाडा चांदीच्या खाणींवर गबर झालेल्या इंग्रज घराण्याचा आहे. एका खोलीला कुलूप लावून तिथे भागत नाही. भिंतीभिंतींतून बुरशी पसरली आहे आणि तिच्या जोरावर घराणं टिकून आहे. वंशशुद्धीचं वेड, खाणीत मेलेले मजूर, लग्नाची सक्ती, सगळं त्या बुरशीत जिरलेलं. हाही वाडा शेवटी पेटतो. आग नोएमी लावते, आणि चुलतबहिणीला घेऊन जिवंत बाहेर पडते.