किराणा-व्यापारातील अखेरचा टप्पा : घरपोच मालाच्या खर्चाचा इतिहास

किरकोळ व्यापाराच्या इतिहासाकडे पाहताना आपली दृष्टी बहुधा दुकानाच्या बाह्य स्वरूपावर खिळलेली असते. वाण्याचे दुकान, सहकारी भांडार, सुपरमार्केट आणि आता मोबाइलवरून मागणी घेणारी ऑनलाइन कंपनी अशी एक चढती श्रेणी कल्पून प्रत्येक नवी अवस्था जुनीस मागे सारते, असे मानले जाते. या कल्पनेत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. धान्य, तेल, साबण हे जिन्नस दुकानाच्या फळीवरून गिऱ्हाइकाच्या फडताळात जावयाचे, तर कोणीतरी ते निवडले पाहिजेत, मोजले पाहिजेत, बांधले पाहिजेत आणि वाहून नेले पाहिजेत. हे श्रम कोणत्याही काळात नाहीसे झालेले नाहीत. ते कोणी करावयाचे आणि त्यांचा मोबदला कोणी द्यावयाचा, एवढेच बदलत गेले आहे. ऑनलाइन किराणा-विक्रीच्या सुमारे चार दशकांच्या इतिहासाचे या दृष्टीने परीक्षण करावे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

या परीक्षणास आरंभ करावयाचा तो अमेरिकेतील मेंफिस शहरापासून. तेथे क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ च्या सप्टेंबरात ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. तोपर्यंतच्या रीतीप्रमाणे गिऱ्हाइकाने यादी द्यावयाची व नोकराने माल काढून द्यावयाचा. साँडर्सने गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली, मालावर किमती लावल्या आणि पैसे घेण्याची जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवली. स्वयंसेवा या नावाने प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचा अर्थशास्त्रीय आशय साधा आहे : निवडण्याचे व वाहण्याचे श्रम दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे गेले, आणि गिऱ्हाइकाने ते विनावेतन पत्करल्यामुळे माल स्वस्त विकता आला.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या उद्योगास ही व्यवस्था फार मानवली. शिफारस करणारा नोकर दूर झाल्यावर ते काम वेष्टनास करावे लागले. विशिष्ट नावाची, ठरावीक वजनाची, आधीच बांधलेली वस्तू ही स्वयंसेवेची पूर्वअट होती, आणि स्वयंसेवेच्या प्रसाराबरोबर तिचाही प्रसार झाला.

ऑनलाइन विक्रीने हा क्रम उलटविला. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे १९८४ च्या मे महिन्यात ७२ वर्षांच्या एका वृद्धेने घरच्या दूरचित्रवाणी-संचावरून टेस्को या दुकानाकडे मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी यांची मागणी नोंदविली. हा प्रयोग वृद्धांच्या व हालचालीस असमर्थ असलेल्यांच्या सोयीसाठी होता. मायकेल ऑल्ड्रिच याने १९७९ साली सिद्ध केलेले तंत्र त्याच्या मुळाशी होते. यात गिऱ्हाईक पुन्हा यादी देणारे झाले, आणि साँडर्सने काढून टाकलेला नोकर पुन्हा आवश्यक ठरला. परंतु मधल्या ६८ वर्षांत किराणा-व्यापाराचा नफा त्या नोकराच्या अनुपस्थितीवर बेतला गेला होता. ऑनलाइन किराणा-व्यापाराची मूळ अडचण ती हीच.

या अडचणीची दोन भिन्न उत्तरे शतकाच्या संधिकाळी पुढे आली. लुई बॉर्डर्स याने १९९६ साली स्थापिलेल्या ‘वेबव्हॅन’ या कंपनीने १९९९ च्या जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्को परिसरात माल पोचविण्यास सुरुवात केली. अर्ध्या तासाच्या ठरलेल्या मुदतीत माल द्यावयाचा, आणि नोकराचे श्रम प्रचंड यांत्रिक कोठारांनी वाचवावयाचे, अशी तिची योजना. कोठारांच्या बांधणीसाठी तिने बेक्टेल या कंपनीशी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला होता. कोठारांचा स्थिर खर्च भरून निघण्याइतक्या मागण्या मिळाल्या नाहीत, आणि २००१ च्या जुलै महिन्यात वेबव्हॅनचे दिवाळे निघाले. टेस्कोने याच काळात चालू दुकानांतील फळ्यांवरूनच नोकरांकरवी माल गोळा करविला व पोचविण्याचे वेगळे शुल्क घेतले. हे उत्तर दिसावयास सामान्य होते, परंतु ते टिकले. कारण त्यात नवे भांडवल थोडे गुंतले आणि अखेरच्या टप्प्याचा खर्च, निदान अंशतः, ज्याला सेवा हवी त्याच्याकडूनच घेतला गेला.

२

भारतातील परिस्थिती प्रारंभापासूनच निराळी होती. आपल्याकडे बहुसंख्य गिऱ्हाइकांनी स्वयंसेवेची अवस्था अनुभवलीच नाही. वाणी यादी घेई, माल काढून देई, आणि ओळखीच्या घरी दुकानातील पोऱ्यामार्फत तो पोचवी. हिशेब खातेवहीत मांडून महिन्याच्या पगारानंतर चुकता होई. सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, डालडा १९३७ साली बाजारात आला, आणि १९८० नंतर शाम्पूच्या लहान पुड्या खेडोपाडी पसरल्या. परंतु हा वेष्टित माल विकला गेला तो मुख्यतः याच दुकानांतून. उत्पादक, वितरक व दुकानदार अशा साखळीत प्रत्येक जण पुढच्यास थोडीबहुत उधारी देई. घरपोच सेवेचा खर्च मात्र वेगळा दिसत नसे. दुकानदाराच्या कुटुंबाचे अगणित तास आणि पोऱ्याचे तुटपुंजे वेतन यांत तो दडलेला असे. वाण्याची सेवा फुकट होती, असे जे म्हटले जाते ते या अर्थाने चुकीचे आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक तिसरे उत्तरही दिले गेले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बनविले. संघाची मासिक मागणी एकत्र नोंदवावयाची, माल एका सभासदाच्या घरी उतरवावयाचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यावयाचा, ही तिची पद्धत. येथे अखेरच्या टप्प्याचे श्रम गिऱ्हाइकांनी जाणीवपूर्वक, सामुदायिक रीत्या उचलले. त्या श्रमांत गृहिणींचा वाटा किती होता, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

३

ऑनलाइन किराण्याचा भारतीय इतिहास बंगळूरमधून सुरू होतो. १९९९ साली तेथे ‘फॅबमार्ट’ ही कंपनी निघाली; पुढे तिच्या चालकांनी ‘फॅबमॉल’ या नावाने प्रत्यक्ष दुकाने काढली आणि ती कालांतराने आदित्य बिर्ला समूहाकडे गेली. त्याच मंडळींपैकी काहींनी २०११ साली ‘बिगबास्केट’ सुरू केले. तिचा भर मोठ्या कोठारांवर व ठरावीक वेळी माल पोचविण्यावर होता. २०२० च्या टाळेबंदीने या सवयीचा झपाट्याने प्रसार केला. त्यानंतर ‘स्विगी इन्स्टामार्ट’, मुंबईत २०२१ साली निघालेली ‘झेप्टो’ आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ग्रोफर्स’चे नाव टाकून ‘ब्लिंकिट’ झालेली कंपनी यांनी काही मिनिटांत माल देण्याची स्पर्धा आरंभिली. वस्तीवस्तीत डार्क स्टोअर, म्हणजे गिऱ्हाइकास प्रवेश नसलेली लहान कोठारे, उघडून ती साधली गेली. वेबव्हॅनने यंत्राने वाचवू पाहिलेले श्रम येथे मुबलक मनुष्यबळाने भागविले गेले.

या सेवेचा खर्च कोण देतो? काही भाग पोचविण्याच्या शुल्कातून येतो. काही गुंतवणूकदारांनी तोटा सोसून दिला. काही भाग उत्पादक देतात. कारण मोबाइलच्या पडद्यावर आपली वस्तू वर दिसावी म्हणून त्यांस जाहिरातीचे मोल मोजावे लागते. दुकानदाराच्या शिफारशीची जागा वेष्टनाने घेतली होती, ती आता विकत घेतलेल्या क्रमाने घेतली आहे. काही भार जुन्या साखळीवर पडतो. मोठ्या खरेदीदारांस तोच माल कमी दराने मिळतो, ही वितरकांची तक्रार २०२१ च्या अखेरीस उघड संघर्षास पोचली. २०२४ च्या ऑक्टोबरात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने वरील तिन्ही सेवांच्या किंमत-धोरणाविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली.

उरलेला भार दुचाकीवरून माल पोचविणाऱ्या कामगारावर आहे. त्यास मागणीगणिक मोबदला मिळतो. वाट पाहण्याचा वेळ, वाहनाची झीज आणि अपघाताचा धोका यांचा बराचसा भाग तोच सोसतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची प्रथमच कायदेशीर व्याख्या केली, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी, कामगारांस दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, द्यावी अशी तरतूद केली. ही संहिता अमलात यावयास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला.

वरील विवेचनावरून ऑनलाइन व्यापार हा जुन्या व्यापारापेक्षा श्रेष्ठ की कनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. वाण्याचा पोऱ्याही सुरक्षित नव्हता, आणि त्याची नोंद कोणत्याही संहितेने घेतली नव्हती. निष्कर्ष इतकाच की, अखेरच्या टप्प्याचा खर्च ज्या व्यवस्थेने उघडपणे वाटून घेतला ती टिकली. ज्या व्यवस्थेने तो नाहीसा झाल्याचा आभास निर्माण केला, तिला तो पुढे कोणाकडून तरी वसूल करावा लागला. म्हणून मालाच्या स्वस्ताईचा अभ्यास करणाराने छापील किमतीशी न थांबता, तो माल उंबरठ्यापर्यंत कोणाच्या खर्चाने आला, हा प्रश्न आपल्या चौकशीत प्रथम घ्यावयास हवा.