घडण आणि छाप

राजांच्या तलवारी संग्रहालयात जातात आणि त्यांची नावे बखरीत येतात. परंतु सामान्य माणसाच्या खिशात जन्मभर राहणाऱ्या लहान हत्याराचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. आपल्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता व चुनाळे असे. कानकोरणे आणि दातकोरणे एकाच कडीत ओवलेले असे. आजीच्या कमरेला किल्ल्यांचा छल्ला असे, आणि त्याच्या आवाजावरून घरातील सत्ता कोठे वसते आहे हे सुनांस दुरूनच कळे. त्या चंचीचा व त्या छल्ल्याचा आजचा वारस म्हणजे किल्ल्यांच्या कडीत लोंबणारे बोटभर हत्यार. त्यात एक पाते, एक इवलीशी कात्री, नखे घासण्याची कानस आणि बाटली उघडण्याचा आकडा एवढा संसार दाटीवाटीने नांदत असतो. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या पदपथावर असली हत्यारे मांडलेली आढळतात. पुष्कळांचा रंग तांबडा असतो व त्यावर पांढरा क्रूस असतो. आपण सुशिक्षित मंडळी त्यांकडे एक दृष्टिक्षेप टाकतो आणि ‘नक्कल’ एवढा एकच शब्द उच्चारून पुढे चालू लागतो.

हा निकाल आपण फार लवकर देतो असे मला वाटते. नक्कल खरी, परंतु कशाची? कल्पनेची, घडणीची, की छापेची? ही तीन प्रकरणे परस्परांहून भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे आपल्या कारागिरांस जेथे लाजू नये तेथे लाजवले जाते व जेथे लाजावे तेथे मोकळे सोडले जाते.

प्रथम कल्पनेचे पाहू. अनेक हत्यारे एकाच मुठीत मिटवून ठेवण्याची कल्पना कोणा एकाची नव्हे. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक रुप्याचे उपकरण आहे. त्यात चमचा, काटा, पाते आणि टोकदार काडी अशी साधने मिटवता येतात. ज्या कल्पनेला दीड हजारांहून अधिक वर्षे झाली, तिच्यावर आज कोणी मालकी सांगू लागला तर त्याला वेडगळच म्हणावे लागेल.

घडणीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि छापेचा तर थेट नीतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात चाकू-कात्र्यांच्या धंद्यात इंग्लंडमधील शेफील्डचे नाव सर्वतोमुखी होते. जर्मनीतील झोलिंगेन येथील कारागीर तसेच चाकू घडवत. इतकेच नव्हे, तर त्यांतील कित्येकांवर शेफील्डचे नावही ठोकले जाई. शेफील्डकरांनी ओरड केली, आणि १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. त्या कायद्यामुळे परदेशी मालावर त्याच्या मूळ देशाचे नाव येऊ लागले. हिंदुस्थानातही १८८९ साली तशाच स्वरूपाचा कायदा झाला. चाकू घडवू नका, असे तो कायदा म्हणत नव्हता. तो म्हणत होता की स्वतःचे गाव लपवू नका. यातील गंमत अशी की, हलका माल ओळखू यावा म्हणून जी ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे सक्तीने कोरावयास लावली, तीच पुढे उत्तम मालाची ग्वाही ठरली. खऱ्या नावाने जर्मन कारागिरांचे कल्याण केले. खोट्या नावाने ते कधीही झाले नसते.

ज्या तांबड्या चाकूची नक्कल आज जगभर होते, त्याचा जन्मही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. स्विस सैन्यासाठी नवा चाकू ठरला, तेव्हा पहिला माल स्वित्झर्लंडात झालाच नाही. तो झोलिंगेनहून आला. हे शल्य मनात धरून इबाख या गावच्या कार्ल एल्झेनर नावाच्या कारागिराने १८९१ साली ते काम स्वतः अंगावर घेतले. हा गृहस्थ चाकू व शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा. पुढे १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठी केलेल्या हलक्या चाकूची नोंदणी करून त्यास कायद्याचे संरक्षण मिळवले. त्या चाकूत सहा हत्यारे होती आणि त्यांना पुरून उरणाऱ्या स्प्रिंगा दोनच होत्या. कारण एकच स्प्रिंग मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांना आवरून धरी. पाते जुने, मूठ जुनी, स्प्रिंगही जुनी. नवे काय ते एवढेच की एका स्प्रिंगेकडून दोन कामे करून घेतली. लहान हत्यारातील स्वतंत्र प्रतिभा बहुधा एवढीशीच असते, आणि तेवढीच पुरते.

परंतु तेथेही मूळ कोणते हा वाद मिटला नाही. वेंगर नावाचे दुसरे स्विस कारखानदार तोच चाकू करू लागले, आणि १९०८ पासून सरकारने दोघांत काम वाटून दिले. एकाने आपल्या चाकूस ‘मूळ’ म्हणावे व दुसऱ्याने ‘अस्सल’ म्हणावे, अशी शब्दांची वाटणीही कालांतराने झाली! १९०९ साली एल्झेनरने ढालीवरचा क्रूस आपल्या मालावर ठोकण्यास आरंभ केला. २००५ साली त्याच्या वंशजांच्या कंपनीने वेंगर विकत घेतली, तेव्हा कोठे मूळ व अस्सल एका घरात आले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. कारण एल्झेनरचा समानधर्मा त्याच वर्षांत येथे वावरत होता. अर्देशिर गोदरेज यांचा जन्म १८६८ चा. ते शिकले वकिली, परंतु झांझिबार येथे वकिली करीत असता सत्याशी तडजोड करणे त्यांस मानवले नाही, आणि तो पेशा सोडून ते मुंबईस परतले. त्यानंतर त्यांनी पहिला उद्योग मांडला तो एल्झेनरच्याच जातीचा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा. मेरवानजी कामा या स्नेह्याने त्यासाठी कर्जाऊ पैसे दिले. चिमटे, सुऱ्या, कात्र्या तयार झाल्या. त्यांचा घाट अर्थातच विलायती नमुन्यांवरून घेतलेला होता. ज्या युरोपियन व्यापाऱ्यास त्या दाखवल्या, त्यास कामात खोट काढता आली नाही. माल घेण्याची त्याची तयारी होती. अट एवढीच होती की त्यावर ‘मेड इन इंडिया’ हे शब्द नसावेत. त्या अक्षरांसह हा माल कोणी घेणार नाही, असे त्याचे म्हणणे. अर्देशिरांनी अक्षरे पुसली नाहीत. त्यांनी तो धंदाच बंद केला.

वाचकांनी या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. झोलिंगेनच्या कारागिरावर आरोप होता की तो दुसऱ्याचे नाव लावतो. मुंबईच्या कारागिरास सांगण्यात येत होते की तू स्वतःचे नाव लावू नकोस. दोन्ही ठिकाणी घडणीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तंटा होता तो छापेचा. विलायती घाटाची कात्री करण्यात अर्देशिरांना कमीपणा वाटला नाही, कारण घाट गिरवणे ही विद्या आहे. ती कात्री निनावी विकणे मात्र त्यांना असत्य वाटले.

एल्झेनरने चाकूची नोंदणी केली त्याच १८९७ साली अर्देशिरांनी लालबाग येथे कुलुपांचा कारखाना काढला. कुलूपही कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. इंग्लंडात १७७८ साली बॅरनने, १७८४ साली ब्रामाने आणि १८१८ साली चबने आपापल्या कुलुपांची पेटंटे घेतली होती. ब्रामाचे कुलूप तर दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून टांगलेले असे, आणि १८५१ च्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकनाने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खटपट करून ते उघडले. या सर्व पूर्वसूरींचा कित्ता अर्देशिरांपुढे होता व त्यांनी तो मन लावून गिरवला. मग त्यात आपले अक्षर घातले. नेहमीच्या कुलुपात आतील पट्ट्या जागेवर दाबून धरण्यास स्प्रिंगा लागतात. स्प्रिंग थकली किंवा मोडली की उत्तम किल्लीही निरुपयोगी होते. अर्देशिरांनी स्प्रिंगेशिवाय चालणारे कुलूप सिद्ध केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याचे पेटंट घेतले. तिकडे एकाने स्प्रिंग दुप्पट राबवली, इकडे दुसऱ्याने ती काढूनच टाकली. दोघेही अनुकरणापासून निघाले आणि स्वतंत्र झाले.

अर्देशिर १९३६ साली वारले. त्यांचे बंधू पिरोजशा यांनी १९४३ साली घाटकोपरच्या उत्तरेस विक्रोळी येथे विस्तीर्ण जमीन घेतली व कारखाना तेथे वाढला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली येथे बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार झाल्या. पेटीची किंमत सुमारे पाच रुपये ठरलेली होती, आणि बाहेरून निराळे कुलूप लावावे तर तेवढ्यात भागेना. तेव्हा कारखान्यातील एका कारागिराने पेटीच्या आतच बसणारी कुलपाची युक्ती काढली. काटकसरीने जी प्रतिभा जागी केली, ती सुबत्तेने केली असती की नाही कोण जाणे.

कायद्याची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. आपल्याकडे १९११ च्या कायद्याने पेटंट व घाट यांची व्यवस्था एकत्र लावली होती. पुढे १९७० व २००० साली दोहोंचे स्वतंत्र कायदे झाले. घाटाच्या नोंदणीस दहा वर्षे व वाढवून आणखी पाच एवढेच आयुष्य असते, आणि तीही केवळ डोळ्यांस दिसणाऱ्या रूपापुरती. यंत्राच्या कार्यतत्त्वास ती लागू नाही. अमेरिकेत याच प्रश्नावर एक बोधप्रद खटला झाला. टिम लेदरमन याने पक्कड व चाकू एकत्र मिटणारे हत्यार काढून १९८० साली पेटंट मिळवले. १९९६ साली कूपर नावाच्या कंपनीने त्याच धाटणीचे हत्यार बाजारात आणले. वरिष्ठ न्यायालयाने १९९९ साली ठरवले की हत्याराचे ते रूप उपयोगातून आलेले असल्याने त्याचे अनुकरण गुन्हा नव्हे. मग कूपरचा दोष कोणता? आपल्या मालाच्या जाहिरातीत त्यांनी लेदरमनच्याच हत्याराचे छायाचित्र किरकोळ फेरफार करून छापले होते! त्याबद्दल ज्यूरीने पंचेचाळीस लाख डॉलरांचा दंड सुनावला. ही रक्कम जास्त आहे की काय हा वाद २००१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व अखेर ती पुष्कळ घटली; परंतु दोष कोठे आहे याबद्दल संशय उरला नाही.

आपल्या वाङ्मयास हा विवेक पूर्वीपासून ठाऊक आहे. अभंगाचा साचा नामदेवांचा की तुकोबांचा, असे कोणी विचारीत नाही. तो सर्वांचा आहे, आणि ज्याने त्याने त्यात आपला अनुभव ओतून शेवटी आपली नाममुद्रा घालावी. मात्र स्वतःचा अभंग रचून त्याखाली तुकोबांची मुद्रा घालणाऱ्या अनामिकांनी संशोधकांचा किती छळ मांडला आहे, हे गाथेच्या अभ्यासकांस विचारावे.

म्हणून उपनगरांतील एखाद्या लहान कारखान्यात परदेशी नमुना समोर ठेवून कोणी चाकू वा किल्लीचे हत्यार घडवीत असेल, तर ‘नक्कल’ म्हणून त्याचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. शिकणाऱ्या हाताने प्रथम कित्ताच गिरवावयाचा असतो. त्यास एकच प्रश्न विचारावा: वर क्रूस कोणाचा आणि नाव कोणाचे? पराया क्रूस ठोकणारा आपल्याच हातांची मजुरी दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो. त्याच्या मालाची कीर्ती झाली तरी ती त्यास मिळत नाही, आणि अपकीर्ती झाली तर सुधारण्याची गरजही त्यास भासत नाही. ज्याने स्वतःचे नाव कोरले, त्यास उद्या अधिक चांगले पाते करावेच लागते.

आणि गिऱ्हाइकांचे काय? १८९५ च्या सुमारास ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरे नकोत असे म्हणणारा व्यापारी एकटा दोषी नव्हता. आपल्या गिऱ्हाइकांची आवडनिवड तो ओळखून होता, आणि त्या गिऱ्हाइकांत आपलेही पूर्वज होते.